लाभपंचमीचा काळा आकडा

चंपालालच्या डोक्यात, उजव्या कानाच्या चार बोटं वर, एक खळगा होता. हजामत करताना न्हावी तिथवर आला की वस्तरा हलका धरायचा. हिंगणबर्डीतल्या लहान पोरांना तो खळगा कुणी मुद्दाम दाखवला नव्हता, पण तो कसा पडला हे त्यांना पाठ होतं. गावाची कापूस सोसायटी आणि चंपालालच्या डोक्यातला खळगा, दोन्ही एकाच दिवशी जन्माला आले होते.

ती अठ्ठेचाळीस सालची लाभपंचमी. पाचोऱ्याच्या अलीकडे नाल्याच्या उतारावर कापसाच्या अकरा गाड्या अडवल्या गेल्या. शेतकऱ्यांनी त्या वर्षी ठरवलं होतं, की कापूस व्यापाऱ्यांच्या काट्यावर घालायचा नाही. सगळ्यांनी मिळून एक जुनं जिन भाड्याने घ्यायचं, स्वतःच रुई काढायची आणि स्वतःच विकायची. व्यापाऱ्यांनी आणलेल्या दांडग्यांनी आधी बैलांच्या पायांवर कुऱ्हाडी घातल्या. बैल खाली बसले तसे त्यांनी गाड्या पेटवल्या. गाडीवाल्यांतल्या उखर्डूचा धाकटा भाऊ झिपरू जळत्या गाडीवर चढून वरचा कापूस खाली ओढू लागला. त्याला कुणीतरी बल्लमाने खालून भोसकलं. तो त्याच कापसात पडला आणि मग उठला नाही.

चंपालाल बावीस वर्षं व्यापाऱ्यांच्या पेढीवर मुनीम होता. पाणी गाळून पिणारा, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघून चालणारा माणूस. त्याच महिन्यात त्याने पेढी सोडली होती, कारण मणामागे दोन शेर कमी लिहायचा हुकूम त्याला पाळवेना. त्या दिवशी तो अकराव्या गाडीवर बसला होता. त्याच्या डोक्यात काठी घालणारा माणूस त्याच्याच भावाच्या पेढीवरचा हमाल होता.

सोसायटी तरीही उभी राहिली. चंपालाल तिचा सेक्रेटरी झाला. पुढल्या लाभपंचमीला त्याने पहिल्या वर्षाच्या हिशेबाची तेरीज मोठ्या कागदावर बोरूने लिहिली. जमा, खर्च, सरकी, रुई, मजुरी, सगळं काळ्या शाईने. शेवटी नफ्याची ओळ आली तेव्हा तो थांबला. शाईची दौत बाजूला सारून त्याने वाटीत कुंकू कालवलं, त्यात थोडा डिंक घातला आणि ती एकच ओळ लाल लिहिली. कागद जिनच्या दारावर चिकटवला. उखर्डू पुढे आला. त्याला अक्षर येत नव्हतं. त्याने लाल ओळीवर बोट टेकवलं, ते कपाळाला लावलं, मग बैलाच्या कपाळाला लावलं आणि गाडी आत घातली. त्याच्यामागून बाकीच्यांनीही तसंच केलं.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. दर लाभपंचमीला नवा हंगाम उघडायचा. गाड्या रांगेने दारासमोर उभ्या राहायच्या. माणूस लाल ओळीला बोट लावायचा, बैलाला टिळा लावायचा आणि मगच कापूस उतरायचा.

एकदाच ओळ काळी निघाली, बावन्न साली. पावसाने दगा दिला होता, भाव पडले होते, सोसायटीला तोटा आला होता. तोट्याची ओळ कुंकवाने कशी लिहिणार? चंपालालने ती दौतीतल्या शाईनेच लिहिली. गाड्या आल्या, माणसांनी दार पाहिलं आणि कुणी बोट पुढे केलं नाही. निम्म्या गाड्या तशाच वळल्या. थांबायचं की जायचं यावरून दोन सख्खे चुलतभाऊ दारातच एकमेकांना भिडले. एकाचे दात पडले, दुसऱ्याचं मनगट मोडलं. सोसायटीला सावरायला तीन वर्षं लागली. काळी ओळ म्हणजे काय, हे गाव तेव्हा शिकलं, आणि मार खाऊन शिकलेलं माणूस विसरत नाही.

सत्तावन्न साली सोसायटीला स्वतःचं जिन घ्यायचं होतं. सरकारी कर्ज मिळत होतं, पण अट अशी, की कारभार शिकलेल्या मॅनेजरच्या हाती हवा. पंचमंडळींनी चंपालालला शाल दिली, नारळ दिला, गळ्यात हार घातला. नऊ वर्षं त्याने किल्ल्यांचा जुडगा करगोट्याला बांधला होता. तो सोडताना गाठ सुटेना, तेव्हा कुणीतरी विळ्याने करगोटाच कापला आणि लोक हसले. चंपालालही हसला. घरी आल्यावर त्याची बायको लाडकुंवर त्याला म्हणाली की बरं झालं, आता आराम मिळेल. तो दोन दिवस जेवला नाही.

नवा मॅनेजर अभिमन धुळ्याकडचा, सव्वीस वर्षांचा, पुण्याला सहकाराचं शिक्षण घेऊन आलेला. आईबाप नव्हते, मामाने वाढवला होता. पोरगा गोड होता. कुणी काही विचारलं की हातातलं काम ठेवून समजावून सांगायचा, आणि समोरच्याला कळेपर्यंत सोडायचा नाही. चंपालालकडून कारभार समजून घ्यायला तो आठ दिवस रोज त्याच्या ओट्यावर येऊन बसला. एका दुपारी त्याने आपल्या वहीत चिकटवलेला छापील ताळेबंद दाखवला. त्यात शेवटचा आकडा लाल होता.

"ही बुडीत कंपनी, नाना," तो म्हणाला. "इंग्रजी पद्धतीत तोटा लाल शाईने लिहितात आणि नफा काळ्या. त्यावरून त्यांचा शब्दच पडलाय, 'इन द ब्लॅक'. धंदा इन द ब्लॅक आहे म्हणजे काळ्या शाईत आहे, नफ्यात आहे."

चंपालालने कागद जवळ ओढून पाहिला. मग त्याने विचारलं की नफा केवढा हवा.

"एक रुपया असला तरी चालेल. सगळा खर्च, मजुरी, व्याज, यंत्राची झीज वजा करून एक रुपया वर उरला, तरी इन द ब्लॅक."

"आणि पेटी रोकडीनं भरलेली आहे, पण देणं त्याहून जास्त आहे?"

"मग लाल. पेटीकडे बघायचंच नाही. वर्षाच्या शेवटी काय उरलं ते बघायचं." अभिमनला प्रश्न आवडला होता, तो पुढे सरकून बसला. "समजा, उखर्डूभाऊंच्या ताईबाई अक्कांनी घरचा कापूस विकून शंभर रुपये आणले. हातात शंभर आहेत, त्या खूश आहेत. पण बियाणं, निंदणी, वेचणी, बैलाची पेंड धरली तर एकशे पाच गेले. अक्का लाल शाईत. आणि शेजारणीनं चाळीसच आणले, पण पस्तीस खर्चून. ती काळ्या शाईत. मोठ्या कंपनीचा साहेब वर्षअखेरीला मुनीमाला एवढंच विचारतो, 'आर वुई इन द ब्लॅक?' बाकी पानं नंतर."

मुनीमकी केलेल्या माणसाला यात नवीन काही नव्हतं. गणित तेच, रंग तेवढे उलटे. चंपालालच्या ओठांवर शब्द आले होते, की बाबा रे, आमच्या दारावर नफा कुंकवाने लिहितात, हे ध्यानात ठेव. फायलीतल्या नकला सगळ्या काळ्याच असायच्या; दारावरचा कागद हंगाम संपला की फाटून जायचा. हे सांगितल्याशिवाय अभिमनला कळायची दुसरी वाट नव्हती.

नेमकं तेव्हाच अभिमन म्हणाला, "तुमची जुनी पद्धत आता बंदच करायला हवी, नाना. सगळं नव्यानं लावतो."

चंपालालने तोंड मिटलं. पाण्याचा तांब्या पुढे सारला आणि म्हणाला, "लाव बाबा. तू शिकलेला आहेस."

लाभपंचमी आली. चेअरमन पितांबर जिनचा जादा पट्टा आणायला जळगावला गेला होता, दुपारच्या सभेपर्यंत परतणार होता. सभेत अभिमन हिशेब वाचून दाखवणार होता. पण गाड्या काही सभेसाठी थांबत नाहीत. सकाळी आठलाच दारासमोर सदतीस गाड्यांची रांग लागली. चंपालालचं घर जिनच्या समोरच, रस्त्यापलीकडे. तो ओट्यावर बसला. शेजारी त्याच्या पुतण्याचं, ज्ञानचंदचं दुकान. ज्ञानचंद व्यापाऱ्यांसाठी कापूस घ्यायचा. त्याचा काटा पुसून तयार होता.

दारावर टंकलेला कागद होता. शेवटची ओळ काळी. खाली दुहेरी रेघ, तीही काळी.

पहिली गाडी उखर्डूची होती. तो मान त्याला नऊ वर्षं होता. तो खाली उतरला, धोतराला हात पुसले, बोट पुढे केलं आणि तसाच थांबला. मागून त्याची बायको ताईबाई गाडीतून वाकून बघत होती.

"काया शे," ती म्हणाली.

काळा आहे, हा शब्द रांगेत मागे गेला. काया शे, काया शे. माणसं गाड्यांवरून उतरू लागली. एकदोघांनी वळून ओट्याकडे पाहिलं. पुना नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने रस्ता ओलांडून चंपालालला विचारलं, की नाना, तुम्ही होता तोवर असं नव्हतं, हे काय झालं?

आता सांगायला एक श्वास पुरला असता. चंपालाल म्हणाला, "मला काय विचारता? शिकलेला मॅनेजर आहे. त्याला विचारा."

पुना परत गेला. रांगेतली शेवटची गाडी वळली आणि ज्ञानचंदच्या काट्यासमोर येऊन उभी राहिली. मग दुसरी. चंपालालच्या पोटात काहीतरी ऊब आल्यासारखं झालं. पुढे सगळं आयुष्य त्याला त्या उबेची शिसारी वाटली, पण त्या वेळी ती त्याला गोड लागली.

गलका ऐकून अभिमन बाहेर आला. नवं धोतर, नवा सदरा, कपाळाला गंध. उखर्डूने कागदाकडे बोट दाखवून विचारलं की साहेब, आकडा काळा का?

अभिमन हसला. त्याला वाटलं, नवी पद्धत लोकांनी न सांगता ओळखली. "काळाच आहे, उखर्डूभाऊ. इन द ब्लॅक. पहिल्याच वर्षी काळा आणला. पेढे मागवलेत."

"हसस का रे?" उखर्डू म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "मना भाऊ ह्या कापूसमा जळना. आणि तू पेढे वाटस?"

अभिमनला काही कळलं नाही. त्याने समजवायला हात पुढे केला, उखर्डूच्या खांद्यावर ठेवायला. कुणालाही समजावताना तो तसाच हात ठेवायचा. उखर्डूने तो झटकला आणि जोखडातून शिवळ उपसली. बैलाच्या मानेला अडकवायचा हा दांडका बाभळीचा, हातभर लांब, वर्षानुवर्षांच्या घामाने काळा आणि जड झालेला. पहिला फटका खांद्यावर बसला. अभिमन "ऐका, ऐका" म्हणत होता. दुसरा तोंडावर बसला आणि त्यानंतर तो काय म्हणत होता ते कुणाला कळलं नाही.

मग एकटा उखर्डू राहिला नाही. बावन्न साली ज्याचं मनगट मोडलं होतं तोही धावला. कुणी आसूड उलटा धरून मूठ घातली, कुणी लाथा. सोसायटीचे पैसे खाल्ले, असं एकजण ओरडला आणि पुढच्या क्षणी ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिल्यासारखं झालं. अभिमन रांगत जिनच्या आत शिरला. आत जुन्या उरल्या कापसावर यंत्र चालू होतं. मजूर बाजूच्या दाराने पळाले. कुणीतरी कचेरीची काच फोडली, वह्या बाहेर फेकल्या. रुईच्या ढिगाला कंदिलाचं रॉकेल ओतून काडी लावली गेली. ज्या लोकांनी नऊ वर्षांपूर्वी जळता कापूस विझवायला माणूस गमावला होता, त्यांनीच आपला कापूस पेटवला.

धूर पाहून चंपालाल उठला. तो उठेपर्यंत किती वेळ गेला हे त्याने पुढे पुष्कळदा मोजून पाहिलं. रोजच्या ध्यानाला, सामायिकाला, बसल्यावर जप सुटायचा आणि तेच मोजणं सुरू व्हायचं. पहिल्या फटक्यापासून धुरापर्यंत. लाडकुंवर दारात येऊन म्हणत होती की जा, काहीतरी करा, आणि तो म्हणाला होता, "होईल शांत."

तो अनवाणी धावला. दारात माणसांची भिंत होती. तो ओरडला की थांबा, नफा आहे, नफा आहे. त्याचा आवाज यंत्राच्या घरघरीत कुणाला ऐकू गेला नाही. त्याने माणसांच्या कमरांमधून वाट काढली. अभिमन भिंतीशी कुशीवर पडला होता, दोन्ही हात डोक्यावर धरून. उजवा डोळा होता तिथे नुसतं रक्त होतं. शिवळ वर गेलेली होती. चंपालालने स्वतःला पोरावर टाकलं. फटका त्याच्या दंडावर बसला आणि आतलं हाड मोडलेलं त्याला ऐकू आलं. दुसरा पाठीवर. तिसऱ्या वेळी उखर्डूला खाली टक्कल दिसलं, त्यातला खळगा दिसला, आणि शिवळ हवेतच राहिली.

"नाना, बाजूले व्हा."

"नफा शे, उखर्डू," चंपालाल म्हणाला. रागालोभात त्याच्याही तोंडी गावच्या बोलीचे शब्द यायचे. "काळा म्हणजे नफा. याच्या शाळेत तसं शिकवतात. तोटा लाल, नफा काळा. तीन हजार रुपये वर आहेत."

कुणीतरी यंत्राचा पट्टा पाडला. घरघर थांबली आणि आगीचा तडतडाट तेवढा ऐकू येऊ लागला.

"तुमले कोणी सांगं?"

"यानंच. माझ्या ओट्यावर बसून."

"तुमले माहीत व्हतं?" उखर्डूने विचारलं. "मंगाशी पुना इचारे, तवय माहीत व्हतं?"

चंपालालने मान हलवली. हो.

उखर्डूने त्याच्याकडे पाहिलं, मग खाली अभिमनकडे. शिवळ त्याने पुन्हा उगारली. या वेळी ती कुणासाठी आहे हे सगळ्यांना कळलं आणि कुणीही ती धरली नाही. चंपालालनेही मान खाली घातली, हात आडवा केला नाही. मागून ताईबाई आली. तिने नवऱ्याच्या हातातली शिवळ काढून घेतली, ती बाहेर नेली आणि बैल सुटू नयेत म्हणून जोखडात परत बसवली. मग पदर कमरेला खोचून ती मातीच्या पाट्या आगीवर टाकू लागली. तेव्हा बाकीचे हलले.

अभिमनला बैलगाडीने पाचोऱ्याला आणि तिथून रेल्वेने जळगावच्या दवाखान्यात नेलं. वाटेत गाडीत चंपालालने आपल्या चांगल्या हाताने त्याचं डोकं धरून ठेवलं होतं. एकदा त्याने उरलेला डोळा उघडला आणि अस्पष्ट विचारलं की त्यांना कळलं नाही का, माझं सांगायचं चुकलं का. चंपालालने त्याला दारावरच्या कुंकवाची गोष्ट तेव्हा सांगितली. पहिल्यापासून, नीट, एकेक वर्ष. पोरगा ऐकत होता की नाही कुणास ठाऊक. तिसऱ्या दिवशी तो गेला. धुळ्याहून मामा आले, त्यांनी चंपालालचा गळ्यात बांधलेला हात पाहिला आणि भाच्यासाठी हाड मोडून घेतलं म्हणून त्याच्या पाया पडले. त्याने पाय मागे घेतले, पण त्यांना कारण सांगायची हिंमत त्या दिवशी त्याला झाली नाही.

ती हिंमत कोर्टात झाली. जळगावच्या कोर्टात उखर्डूवर खटला चालला, तेव्हा साक्षीदार म्हणून चंपालालने सगळं सांगितलं. अभिमनने काय शिकवलं, आपण काय सांगितलं नाही, पुनाला काय उत्तर दिलं, ओट्यावर किती वेळ बसला. मामा समोरच्या बाकावर होते. चंपालाल म्हणाला की शिक्षा मलाही लिहा. वकील म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा. न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि पुढचा साक्षीदार बोलवायला सांगितलं. गप्प बसण्याला कलम नव्हतं. उखर्डूला सात वर्षं झाली. मामा निघताना चंपालालच्या जवळून गेले, पण थांबले नाहीत.

सोसायटी बुडाली नाही. आग एका ढिगावरच थांबली होती. जळलेली रुई वजा जाऊनही पुढच्या वर्षी थोडं वर राहिलं. भुसावळकडचा नवा मॅनेजर आला आणि त्याने चंपालालला विचारलं की दारावरची ओळ कोणत्या शाईने लिहू. चंपालाल म्हणाला, "त्या पोरानं लिहिली होती तशी. काळी. फक्त मला तिथं उभं राहू दे."

लाभपंचमीला पहाट फुटताच तो दाराशी जाऊन उभा राहिला. एक हात दंडात वाकडा जुळला होता. एकेक गाडी आली की तो काळ्या ओळीखाली बोट धरायचा आणि सांगायचा की हा नफा आहे. सगळं वजा जाऊन एवढं उरलं. शिकलेल्या लोकांत याला इन द ब्लॅक म्हणतात, हे आपल्याला अभिमनने शिकवलं. ज्याला कळलं नाही त्याला तो पुन्हा सांगायचा. काहीजण ऐकून आत जायचे. काहीजण ऐकून थुंकायचे आणि मग आत जायचे. तो दोघांनाही तेच सांगायचा, त्याच आवाजात.

पहिल्या गाडीचा मान अजून उखर्डूच्याच घराकडे होता. ताईबाई गाडी स्वतः हाकत आली. बाईमाणूस पहिल्या गाडीवर, म्हणून रांगेत कुजबुज झाली. ती खाली उतरली, चंपालालसमोर उभी राहिली. वर्षभरात ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिने त्याच्या तोंडाकडे न बघता कागदाकडे बघून विचारलं,

"काया शे का?"

"काळा शे, अक्का."

"म्हंजे उरनं."

"उरलं."

तिने काळ्या ओळीला बोट लावलं. बोटाला काहीच लागलं नाही. टंकाची शाई कधीच वाळलेली होती. तेच कोरडं बोट तिने बैलाच्या कपाळाला टेकवलं, शिवळ चाचपून पाहिली आणि गाडी आत घातली.